उन्हाळ्याची पुली

सोनेगावच्या वेधशाळेत मी तापमान लिहिते.
पांढऱ्या जाळीदार पेटीतला पारा,
कमरेहून थोडा उंच, वारा लागेल पण ऊन लागणार नाही असा.
काल सेहेचाळीस पूर्णांक दोन.
सावलीचं.
उन्हाचं कोणी विचारत नाही, आम्हीही लिहीत नाही.

गाडी छोटी, दोन दारांची, मी तिची चौथी मालकीण.
लाल रंग उडून विटेवर आलेला.
पण बोनेटखाली सुपरचार्जर,
आणि तीन हजार फेऱ्यांच्या पुढे
कुकरच्या शिट्टीआधीचा तो बारीक सूर.
तो ऐकला आणि फंडातून पैसे काढले.
घरी सांगितलं, दाताचं काम आहे.

हेडाऊचं गॅरेज गोळीबार चौकाच्या आत.
वडिलांचा हातमाग होता तिथे,
पाय सोडून बसायचा खड्डा होता जमिनीत.
याने तो लांब केला, खोल केला,
आता त्यात उभा राहून गाड्यांची पोटं बघतो.
खड्ड्याच्या कडेला अजून
ऑइलच्या खाली कुठेतरी खळीचा वास आहे म्हणतो.
मला नाही आला.

जुनी पुली निघेना.
तीन नख्यांचा पुलर लावला, तो घसरला,
हेडाऊच्या मनगटाची साल गेली.
मग गॅसची ज्योत, मग शिवी,
मग थोडा वेळ दोघं नुसतेच बसलो.
मग ती आपोआपच सुटल्यासारखी सुटली.

नवी पाच मिलिमीटरने लहान,
कळमन्याच्या लेथवर कातलेली, अजून कोमट.
पाच मिलिमीटर म्हणजे तांदळाचा दाणा.
पण पुली लहान म्हणजे फेरे जास्त,
फेरे जास्त म्हणजे हवा जास्त,
आणि दाबलेली हवा तापते,
हे मला शिकवायची गरज नव्हती.

मोठे इंजेक्टर बसले. थंड जातीचे प्लग बसले.
बेल्ट सैल पडला, इतवारीत तीन दुकानं फिरून
एका आखूड बेल्टवर भागलं.
तो ताणून हेडाऊने अंगठ्याने दाबून पाहिला,
डोळे मिटून,
ताणा पाहतात तसा.

पहाटे साडेचारला वर्धा रोड.
एकतीस अंश, आमच्यासाठी थंडीच.
तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला
आणि बुटीबोरी माझ्याकडे पळत आली.
मी हसले की ओरडले, आठवत नाही.
हेडाऊ बाजूला, हातात चपला घेऊन बसलेला,
काहून ते त्यालाच माहीत.

"आता दुपारी दोनला या," तो म्हणाला.
दुपारी दोनला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर,
मूठ कानाला.
"पिस्टन फुटाणे खाऊन रायले, ताई. काढा."
"आत्ताच तर लावली."
"मे महिन्यात नागपुरात माणूस तरी जोर दाखवते का बाप्पा?
अशीच पळवली त हे आठ दिवसांत भोक पाडते.
नोव्हेंबरात लावून देतो. दरसाल येत जा.
कुलरले गवत नाही बदलत का तुम्ही?"

तर माझ्याकडे आता दोन पुल्या आहेत.
मोठी उन्हाळ्याची, गाडीत.
लहान, तेलाच्या फडक्यात गुंडाळून,
स्वेटरांच्या पेटीत.

जुना ताप मोजायचा काटा मात्र तसाच आहे डॅशबोर्डवर.
परवा छत्रपती चौकाच्या सिग्नलला उभी होते,
इंजिनात जाणारी हवा एक्काहत्तर अंश.
हिरवा पडेपर्यंत बघत राहिले.
मग ड्युटीवर आल्यावर वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने ते लिहिलं, वेळेसकट.

रात्री नवऱ्याने विचारलं, दात काय म्हणतो?
म्हटलं, अजून ठणकतो अधूनमधून.
थंडी पडली की बघू.